मंत्रचळाशी झगडणाऱ्या लेकीला कोणती कादंबरी द्यावी?

गणवेशवाला, सोलापूर

नमस्कार मंडळी. पूर्व भागात माझं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे, आठ मशिनी आणि एक कटिंग टेबल. इथे मी एरवी नुसता वाचतो. आज विचारायला आलो आहे.

तरुण मुलामुलींचं मानसिक आजारपण ज्यांत खरेपणाने आलंय अशा कादंबऱ्या कोणत्या? माहितीची पुस्तकं घरात आहेत. अच्युत गोडबोल्यांचं 'मनात' मी दोनदा वाचलं, ते मूळचे आमच्या सोलापूरचे म्हणून जरा जास्तच जिव्हाळ्याने. पण आता मला गोष्ट हवी आहे. कशासाठी, ते सविस्तर सांगतो, म्हणजे सुचवणाऱ्याला अंदाज येईल.

लेक अठरा वर्षांची आहे. दहावीनंतर तिला नीटच्या तयारीसाठी लातूरला होस्टेलवर ठेवली होती. बारावीच्या दिवाळीत घरी आली तेव्हा हातांची सालं निघालेली, बोटांच्या पेरांवर चिरा. विचारलं तर म्हणाली, तिथला साबण बरा नाही. दिवसातून पंधरा-वीस वेळा मोरीत जायची. माझी आई खूष. नात बाहेरगावी राहूनही सोवळ्यातली राहिली, असं गल्लीतल्या चार बायकांना कौतुकाने सांगून आली.

आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेही पुष्कळदा मध्यरात्री. हौद आणि दोन बॅरल भरले की पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचे, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही, अंगातच असतं. त्या दिवाळीत हौद तिसऱ्या दिवशी तळाला गेला. मी तिला बोललो. 'उजनी काय तुझ्या एकटीसाठी बांधलंय का?' असं म्हणालो. ती मोरीच्या दारात ओले हात छातीशी धरून उभी होती आणि आवाज न करता रडत होती. पोरीचे हात फाटलेले समोर दिसत होते आणि मी पाण्याचा हिशेब मागत होतो. ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मग हळूहळू कळत गेलं. त्यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात टायफॉइडच्या भागात मेरी मॅलन नावाच्या स्वयंपाकिणीचा उल्लेख आहे. तिच्या अंगात टायफॉइडचे जंतू होते आणि तिच्या हातच्या अन्नातून कित्येक वर्षं तो लोकांना होत राहिला. चार ओळींचा मजकूर. लेक त्या चार ओळींत अडकली. मेसमध्ये शेजारी जेवणाऱ्या मैत्रिणीला ताप आला आणि हिच्या मनाने घेतलं की तो आपल्या हातून गेला. तिथून धुणं सुरू झालं. घरी आल्यावर धाकट्याच्या ताटाला हात लावेना, आजीच्या गोळ्या पाकिटातून काढून देईना. आम्हाला वाटलं, अभ्यासाने चिडचिडी झालीय.

एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, लाड कमी करा. नातेवाइकांनी अक्कलकोटला न्यायला सांगितलं. नेलं. तिथे तिला शांत वाटलं, घरी आल्यावर हात पुन्हा नळाखाली. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ओसीडी सांगितलं, म्हणजे नको त्या विचारांपायी तीच तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, आणि आईला कळावं म्हणून मराठीत 'मंत्रचळ' म्हणाले. आई एकदम गप्प झाली. घरी येऊन म्हणाली, 'आमच्या माहेरी एक होती. मंत्रचळी म्हणायचे तिला. दिवसच्या दिवस आडावर काढायची. पोरं खडे मारायची.' त्या दिवसापासून मोरीच्या दाराशी जाऊन 'काय करलालीस गं आत?' असं विचारणं आईने बंद केलं.

याला आता आठ महिने झाले. गोळ्या चालू आहेत. समुपदेशक ताई सराव करून घेतात. दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही, भीती चढते ती आपली आपण उतरेपर्यंत थांबायचं. सुरुवातीला पाच मिनिटं, आता पाऊण तास. नीट यंदा सोडली.

गेल्या आठवड्यात काज-बटणाच्या मशीनपाशी माझ्याजवळ बसली होती. म्हणाली, 'बाबा, मी ज्या पुस्तकात सापडते तिथे लक्षण म्हणून सापडते. गोष्टीत कुणी माझ्यासारखं नसतं का? म्हणजे जिला मैत्रिणी आहेत, घर आहे, भांडणं आहेत, आणि हे पण आहे.'

मला उत्तर देता आलं नाही. मराठीत असेल तर फारच चांगलं, इंग्रजीही ती वाचते. फक्त शेवटच्या पानावर सगळं एकदम नाहीसं होतं अशी नको. ते तिला खोटं वाटेल, आणि मलाही.

जुनीवही, बार्शी

दादा, मी तीस वर्षं मराठी शिकवलं. तुमच्या लेकीचा प्रश्न वाचला आणि दुपारभर कपाट उघडून बसले. खरं सांगते, मराठीत पटकन हातात द्यावं असं मिळेना. आपल्या कथा-कादंबऱ्यांत वेड पुष्कळ आहे. माडीवरच्या खोलीत कोंडलेला काका आहे, घराण्याला लागलेला शाप आहे, प्रेमभंगाने भ्रमिष्ट झालेली बाई आहे. पण गोळी घेऊन सकाळी कॉलेजला जाणारी मुलगी फारशी नाही. आजाराची गोष्ट आपण शोकांतिका म्हणून सांगितली, रोजच्या जगण्यातली म्हणून सांगितली नाही.

'कोसला' मी वर्गात वर्षानुवर्षं बोलले. ती १९६३ सालची. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग हळूहळू सगळ्यातून उठत जातो, धाकट्या मनीच्या मृत्यूनंतर तर फारच, आणि शेवटी गावी परततो. त्याच्या त्या उदासीला कुणी आजार म्हणत नाही, लेखकही नाही. सिल्व्हिया प्लाथची 'द बेल जार' लंडनमध्ये आली तीही १९६३ सालीच, आधी टोपणनावाने. तिच्यातली एस्थर हुशार, बक्षिसं मिळवणारी, एका मासिकातर्फे महिनाभर न्यूयॉर्कला गेलेली. घरी परतते आणि तिला झोप येईना, वाचता येईना, अक्षर काढता येईना. तिला मात्र डॉक्टर भेटतात, आधी वाईट, मग डॉक्टर नोलन नावाची चांगली बाई. दोन मुलं, जवळजवळ एकाच वयाची, एकाच साली पुस्तकात आलेली. एकाला गाव मिळालं, एकीला इस्पितळ. मी हे वर्गात कधी बोलले नाही, बोलायला हवं होतं. मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी मुलं दर वर्षी असायची.

तरी ही दोन्ही आत्ता लेकीला देऊ नका. 'बेल जार' फार खोल ओढून नेते, आणि छापून आल्यावर महिनाभरातच प्लाथने स्वतःचं आयुष्य संपवलं हे वाचणाऱ्याला कुठे ना कुठे कळतंच.

तुम्ही स्वतः मात्र जेरी पिंटोंची 'एम अँड द बिग हूम' वाचा. शांता गोखल्यांनी ती मराठीत आणली आहे, 'एम आणि हूमराव' या नावाने. माहीमच्या वन बीएचके फ्लॅटमधलं कुटुंब. तिथे आजारी आहे ती आई, आणि गोष्ट सांगतो मुलगा. तुमच्या प्रश्नाच्या बरोबर उलटी बाजू. पण आजारी माणसाबरोबर एका घरात राहताना राग येतो, हसू येतं, अपराधी वाटतं, हे सगळं एकाच दिवसात कसं होतं ते तिथे आहे. तुम्ही पाण्यावरून बोललात ते अजून बोचतंय म्हणालात ना, म्हणून सुचवते.

सकाळची_हुतात्मा

काका, मी पण सोलापूरचाच, जुळे सोलापूर. आता पुण्यात नोकरी करतो, दर पंधरा दिवसांनी येतो. वय २४. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला डिप्रेशन आलं. गणिताच्या पेपरला तीन तास बसून नाव आणि सीट नंबर एवढंच लिहून उठलो होतो. घरी सांगायला चार महिने लागले.

मला ज्या पुस्तकाने धरून ठेवलं ते नेड व्हिझिनीचं 'इट्स काइंड ऑफ अ फनी स्टोरी'. २००६ चं आहे. क्रेग नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा, ब्रुकलिनचा. एका नामांकित शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी वेड्यासारखा अभ्यास करतो, प्रवेश मिळतो, आणि आत गेल्यावर कळतं की इथे सगळेच आपल्यापेक्षा हुशार आहेत. जेवण जाईना, गेलं तरी राहीना. लातूर-कोटा बघितलेल्या कुणालाही हे अमेरिकेचं वाटणार नाही. एका रात्री तो स्वतः हेल्पलाइनला फोन करतो, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जातो आणि पाच दिवस वॉर्डात राहतो. पुस्तकातला बराच भाग ते पाच दिवसच आहेत. गळ्याभोवती आवळणाऱ्या कामांना तो टेंटॅकल म्हणतो आणि ज्याला धरून राहता येतं त्याला अँकर. मी तेव्हा वहीत दोन रकाने केले होते. अँकरच्या रकान्यात पहिली नोंद होती, आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दुसरी नोंद सुचायला आठवडा लागला.

एक गोष्ट आधी सांगून ठेवा तिला. लेखक स्वतः २००४ मध्ये असाच दवाखान्यात राहिला होता, त्यातून हे पुस्तक आलं. आणि २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्याने आत्महत्या केली. नेटवर नाव टाकलं की पहिलं तेच दिसतं. मला ते पुस्तक संपल्यावर एकट्याला रात्री दिसलं, आणि आपलं पण असंच होणार असं वाटून दोन दिवस मी काही बोललो नाही. माझ्या डॉक्टर म्हणाल्या, त्याच्या पुस्तकाने तुला जे दिलं ते खोटं ठरत नाही, आजार परत येऊ शकतो म्हणून तर आपण उपचार सोडायचे नसतात. हे कुणीतरी आपल्या माणसाने सांगितलेलं बरं, काका.

पण तिला जे आहे, नेमकं त्यावर पाहिजे असेल तर जॉन ग्रीनचं 'टर्टल्स ऑल द वे डाऊन', २०१७. अझा नावाची सोळा वर्षांची मुलगी. तिला जंतूंची भीती, बोटावर नख रुतवून जखम उघडते, धुते, पट्टी बदलते, पुन्हा उघडते. लेखकाला स्वतःला ओसीडी आहे आणि तो ते उघड बोलतो. अझाला मैत्रीण आहे, गळपटलेली जुनी गाडी आहे, एक मुलगा पण आवडतो. तुमच्या मुलीने जे मागितलं ना, मैत्रिणी आणि भांडणं आणि हे पण, ते सगळं त्यात आहे. शेवटी ती पूर्ण बरी होत नाही. जगते.

मनमोकळं, पंढरपूर

मी समुपदेशनाचं काम करते. तुमच्या घरात योग्य उपचार चालले आहेत हे वाचून बरं वाटलं, म्हणून फक्त पुस्तकांपुरतंच लिहिते.

वरच्या सूचना चांगल्या आहेत, पण 'टर्टल्स' देण्याआधी तिच्या समुपदेशक ताईंशी बोला. त्यात अझाला एका विशिष्ट जंतूची भीती आहे आणि त्याचं वर्णन तपशिलाने येतं. पुढे ती सॅनिटायझर पिते. मंत्रचळात मन नवीन भीती उचलायला टपलेलं असतं. तुमच्या लेकीने पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींतून मेरी मॅलन उचलली, तशी कादंबरीतून दुसरी उचलू शकते. याचा अर्थ देऊ नका असा नाही. सरावात कडीला हात लावतात तसंच हे वाचनही करता येतं, पण ते ठरवून, कुणीतरी बरोबर असताना.

दुसरं. 'अझासारखं माझं होईल का?' असं ती विचारायला लागली, तर एकदा उत्तर द्या. तोच प्रश्न दहाव्यांदा आला की समजा, आता पुस्तक विचारत नाही, आजार विचारतोय. दर वेळी धीर देणं हे हात धुण्यासारखंच होऊन बसतं. घटकाभर बरं वाटतं आणि भूक वाढते. आईवडिलांना हे सगळ्यात जड जातं.

आणि आत्महत्या हेच ज्यांचं केंद्र आहे, ती कशी केली ते ज्यांत रंगवलंय, अशी पुस्तकं या काळात दूर ठेवा. 'थर्टीन रीझन्स व्हाय' हे त्यातलं. त्यावरच्या मालिकेतलं एक दृश्य २०१९ मध्ये काढून टाकलं गेलं. ही काळजी नवी नाही. जर्मन लेखक गटेची 'वेर्थर' ही कादंबरी १७७४ ची, तिचा नायक आत्महत्या करतो, आणि तिच्या नावावरूनच अनुकरणातून होणाऱ्या आत्महत्यांना १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने 'वेर्थर परिणाम' म्हटलं. याची उलट बाजूही अभ्यासकांना दिसली आहे. अंधारातून कुणी कसं निभावून आलं हे सांगितलं तर त्याने माणूस सावरतो. मोझार्टच्या एका संगीतनाटकात पापागेनो नावाच्या पात्राला तीन मुलं आत्महत्येपासून वेळेवर अडवतात, म्हणून या परिणामाला पापागेनोचं नाव दिलं आहे. क्रेग स्वतः फोन करतो, वॉर्डात जातो, बाहेर येतो. ते पुस्तक या बाजूचं आहे.

वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

सकाळची_हुतात्मा

एक राहिलं. नील शस्टरमनचं 'चॅलेंजर डीप', २०१५. पंधरा वर्षांचा केडन, अर्धा वेळ शाळेत आणि अर्धा वेळ मनातल्या एका जहाजावर. लेखकाच्या मुलाला असाच मानसिक आजार होता आणि आतली चित्रं त्या मुलाचीच आहेत, आजारातली. काका, ते नंतर कधीतरी. ओसीडीपेक्षा वेगळं आहे. पण बापाने लिहिलंय आणि मुलाने चित्रं दिलीत, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

गणवेशवाला, सोलापूर

तीन आठवड्यांनी लिहितोय. मे महिना, शाळांच्या ऑर्डरी, कारागीर दोनच आलेले, म्हणून उशीर झाला. सगळ्यांचे मनापासून आभार.

ताईंना विचारलं. त्यांनी 'टर्टल्स'ला हो म्हटलं, पण तिने एकटीने वाचायचं नाही आणि भीती दहापैकी आठच्या वर गेली की पान मिटायचं. इंग्रजी प्रत मागवली. दिवसा आम्हा दोघांनाही सवड नसते, म्हणून पाण्याच्या रात्री ठरवल्या. एकदा एक वाजता, एकदा अडीच वाजता पाणी आलं. बॅरलमध्ये पाइप सोडायचा, पायरीवर बसायचं, आणि मी वाचायचं. माझं इंग्रजी बेतास बात, म्हणून मी वाक्य वाचून मराठीत सांगतो आणि ती सुधारते. अझा विचारांच्या स्पायरलबद्दल बोलते तिथे मी 'भोवरा' म्हटलं. ती म्हणाली, 'भोवऱ्यात माणूस एकदाचा बुडतो तरी. हे आत आत आवळत जातं, संपतच नाही.' मग आम्ही 'आवळती गुंडाळी' ठरवलं. आता घरात तोच शब्द चालतो. परवा आईनेही विचारलं, 'आज गुंडाळी आहे का गं?' लेक म्हणाली, 'थोडी.' आणि आई शेंगा सोलत बसून राहिली, पुढे काही विचारलं नाही.

सॅनिटायझरच्या जागी मी थांबलो. 'किती?' म्हणून विचारलं. म्हणाली, 'सहा. वाच.' वाचलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'तिला स्वतःला काही होईल याची भीती आहे बाबा. मला तुम्हाला होईल याची. आजार एकच, तोंड उलटीकडे.' गेले कित्येक महिने जी पोर माझ्या ताटाला हात लावत नव्हती ती कशासाठी, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

अझाची मैत्रीण डेझी तिच्यावर एका जागी चांगलीच भडकते, तू फक्त स्वतःचाच विचार करतेस म्हणते. मला वाटलं, हे लेकीला लागेल. तर म्हणाली, 'हे सगळ्यात भारी आहे. माझ्यावर हल्ली कुणी चिडतच नाही.'

तेवढ्यात दुसरा बॅरल भरून पाणी अंगणात चाललं होतं. मी म्हणालो, 'अगं पाणी चाललंय सगळं, नळ बंद कर की!' आवाज चढवूनच म्हणालो. ती उठली, नळ बंद केला, हात ओढणीला पुसले आणि परत येऊन बसली.

पुस्तक अजून थोडं उरलंय. बाई, 'एम आणि हूमराव' वाचनालयात विचारून ठेवलं आहे, ते माझ्यासाठी. आणि हुतात्मावाल्या पोरा, पुढच्या खेपेला आलास की कळव, लेकीला तुझ्या दोन रकान्यांबद्दल विचारायचं आहे.